बाबांचा तांब्या आणि माझी शिट्टी

परवा ताईचा नातू भिलाईत कोहक्याला माझ्या घरी आला. चहा संपवला आणि मग म्हणाला, "मामाआजोबा, पीटीची डिग्री करायची म्हनतो. बँक से लोन लेना पडेगा. परवडते का?" मी म्हटलं, बाळा, हा प्रश्न विचारायला तू भिलाईतला सगळ्यात चुकीचा माणूस निवडलास. त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो. दिवाळी अंकवाले केव्हाचे मागे लागले आहेत की मास्तर, नोकरीतलं काहीतरी लिहा, तर म्हटलं त्याचं उत्तर इथंच देऊन टाकावं. दोघांचंही समाधान होणार नाही, पण माझं एक काम वाचेल.

भिलाईचा पोलाद प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी नुकताच अमरावतीहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आलो होतो आणि टाऊनशिपजवळच्या एका नव्या शाळेत लागलो होतो. शाळा नवी म्हणजे किती, तर खिडक्यांना दारं बसायची होती. मैदान म्हणून जी जागा दाखवली तिथे मुरमाचे ढीग होते. पदवी मिरवत आलेल्या माणसाने पहिला महिना पोरांना हाताशी घेऊन खडे वेचले. कोणी विचारलं की सर, हा कोणता खेळ, तर मी सांगायचो, वाकण्याचा व्यायाम.

पीटी सर म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. गणिताचे सर गणित शिकवतात. पीटी सर गणित आणि इतिहास यांच्यामध्ये जे जे उरतं ते सगळं करतो. रांगा लावतो. बाकं उचलून घेतो. पाहुणे आले की सतरंज्या घालतो, आणि कोणाच्या गुडघ्यातून रक्त आलं की त्याला टिंक्चर लावून रडू नको म्हणतो. गणिताच्या सरांना शिकवण्या मिळायच्या. माझ्याकडे शिकवणीला उभ्या आयुष्यात कोणी आलं नाही. एकदा एक पंजाबी गृहस्थ संध्याकाळी घरी आले तेव्हा मी आशेने सदरा घातला, तर त्यांना कपाट दुसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. चढवलं. लस्सी मिळाली.

एक आंध्रातली बाई तर मला जन्मात विसरता येणार नाही. तिचा मुलगा पळण्यात फार चांगला होता. मी त्याला रोज सकाळी मैदानाला चकरा मारायला लावायचो. ती शाळेत आली आणि तिने तोडक्यामोडक्या हिंदीत मला झापलं की तुम्ही याला पळवता, हा घरी येऊन सगळ्यांचा भात खातो, आणि रेशन तुमच्या बापाच्या घरून येतं का? यावर अमरावतीच्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. मी त्याच्या चकरा कमी केल्या.

आता कर्जाचं सांगतो. माझे बाबा दुर्गला रेल्वेत गँगचे मुकादम होते. रुळाचे स्लीपर, खडी, चाव्या, हे त्यांचं राज्य. आम्ही मूळचे नागपूरकडले. मी अंगाने बरा, मल्लखांबावर बरा आणि बाकी सगळ्यात यथातथाच, म्हणून शाळेतल्या एका गुरुजींनी बाबांच्या डोक्यात भरवलं की याला शारीरिक शिक्षणाची पदवी करू द्या, मास्तर होईल. मास्तर म्हटल्यावर बाबा विरघळले. पण रेल्वेच्या सोसायटीचं कर्ज आधीच ताईच्या लग्नात गेलं होतं. शेत नव्हतं, सोनं नव्हतं. पहिली फी कशीबशी भरली. पुढचं वसतिगृह आणि परीक्षेची फी अडली तेव्हा मी अमरावतीहून पत्र टाकलं की परत येतो. ते पत्र ताईने वाचलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शांता. तिचं सासर भंडाऱ्याकडलं, धानवाल्या घरातलं. भाऊजी शेती भावावर सोपवून भिलाईला आले होते आणि प्लांटच्या बांधकामावर रिगर खलाशी होते. म्हणजे जड लोखंड दोरखंडाने, चेनने, क्रेनने वर चढवायचं आणि स्वतःही त्याच्याबरोबर वर राहायचं. शिक्षण आठवी नापास. ओव्हरटाइम धरला तर पगार माझ्या पुढच्या पगाराच्या दीडपट. भाऊजींनी दुर्गला जाऊन पाचशे रुपये बाबांच्या हातात ठेवले. म्हणाले, मामाजी, पोराले शिकू द्या.

त्या पैशाने माझी पदवी झाली आणि घरात एक भानगड झाली. आमच्याकडे मुलीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. एकदा दिली म्हणजे दिली, तिच्या घरचा घास म्हणजे तिच्या तोंडचा घास. मुलीला लेकरू झालं की हा नियम सुटतो. ताईला मुलगी झाली तेव्हा बाबांचाही सुटला होता. नातीच्या हातून लाडूसुद्धा खाल्ला होता त्यांनी. पण जावयाचे पैसे घेतले आणि बाबांनी तो नियम परत लावून घेतला. पैसे फिटेस्तोवर शांतेच्या घरी पाण्याचा थेंब घेणार नाही. भाऊजींनी हात जोडले. बाबा म्हणाले, जावईबापू, तुमचे उपकार हायेत, पन मी मुलीच्या घरचा पैसा खाल्ला, आता पानी कोन्या तोंडाने पिऊ?

बरं, यायचं सोडलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते दर रविवारी यायचे. दुर्गहून सायकलवर, आणि हँडलला फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या अडकवलेला. स्वतःचं पाणी स्वतःच्या तांब्यात. वळणावर तो तांब्या हँडलवर खणखण वाजायचा आणि ताई हातातलं काम टाकून दारात यायची. बाबा खुर्चीवर बसायचे, नातीला मांडीवर घ्यायचे, फिरकी काढून दोन घोट प्यायचे, फिरकी परत लावायचे. ताई माठाकडे बघत उभी राहायची. नोकरी लागल्यापासून मी तिथेच राहत होतो, त्यामुळे हा खेळ मला दर रविवारी समोर बसून बघावा लागे. मी तिचा चहा प्यायचो, तिच्या भाकरी खायचो, आणि ज्याच्यापायी हे सगळं झालं तो मीच.

एकदा बाबा गेल्यावर ती मला म्हणाली, "नाम्या, तुह्या डिगरीपायी माह्या बापानं माह्या घरचं पानी सोडलं. तुले नोकरी लागली, शिट्टी भेटली. मले काय भेटलं?"

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, फेडतो. तिने विचारलं, कशातून? हा प्रश्न बरोबर होता. माझा पगार तात्पुरत्या मास्तरचा. त्यातून खाणावळीचे म्हणून ताईला देऊन, बाबांना थोडे पाठवून, उरलेल्यात कॅनव्हासचे बूट. पीटी सरला बूट फार लागतात.

भाऊजींनी यावर सरळ उपाय काढला होता. सोड ती शिट्टी आणि चल माझ्यासंग वर. फोरमनशी बोलतो. वर्षाच्या आत माझे पैसे मलेच फेडून टाकशील. त्यांना पैसे नकोच होते. त्यांना बायको रविवारी रडू नये एवढंच हवं होतं. आठवी नापास माणसाच्या हाताखाली पदवीधराने खलाशी व्हायचं! माझा अहंकार तेव्हा चांगला तब्येतीत होता. मी म्हटलं, विचार करतो. प्रत्यक्षात मी रात्रंदिवस हिशेबच करत होतो, आणि तो दर वेळी भाऊजींच्या बाजूने येत होता.

मग एक वाट दिसली. हेडमास्तर, रायपूरकडचे, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी बोलावून सांगितलं की शाळेच्या वार्षिक दिवसाला प्लांटचे एक मोठे साहेब येणार आहेत. पोरांची परेड बसवा. परेड चांगली झाली तर तुमची नोकरी पक्की करायची शिफारस त्याच आठवड्यात पाठवतो. पक्का माणूस झालो की शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज मिळणार होतं. कर्ज मिळालं की भाऊजींचे पाचशे एकरकमी. आणि पाचशे दिले की बाबा ताईच्या घरी पाणी पिणार. एका परेडवर एवढं सगळं टांगलं होतं. ताईला सांगितलं तर तिने त्या रात्री मला वरण वाढताना तूप जरा जास्तच घातलं.

परेड बसवायला घेतली आणि कळलं की पोरांना मी काय बोलतो तेच कळत नाही. माझ्यासमोर तामिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी, तेलुगू, छत्तीसगढी, झालंच तर आपली चार मराठी पोट्टी. "पीछे मुड" म्हटलं की अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे, आणि छत्तीसगढी पोरं शांतपणे बाकीच्यांकडे बघत. त्यात चारी बाजूंनी बांधकामाचा आवाज. घसा बसला, तरी रांग काही सरळ होईना.

तेव्हा माझ्यातला मुकादमाचा पोरगा जागा झाला. लहानपणी मी दुर्गच्या यार्डात बाबांच्या मागे हिंडायचो. शंटिंग करणाऱ्या, म्हणजे डबे पुढेमागे ढकलणाऱ्या इंजिनाला मद्रासी ड्रायव्हर असो की बंगाली, सगळ्यांना इंजिनाची शिट्टी कळायची. रेल्वेच्या नियमावलीत काय लिहिलं असेल ते असो, आमच्या यार्डातल्या लोकांची आपली एक पद्धत होती. एक लांब म्हणजे चला. एक आखूड म्हणजे थांबा. तीन आखूड म्हणजे मागे सरका. मी तेच उचललं. बोलणं बंद, नुसती शिट्टी. एक लांब वाजवली की पोरं चालायला लागत, एक आखूड वाजवली की थांबत, आणि तीन आखूड वाजवल्या की एक पाऊल मागे घेत.

काय सांगू, पोट्टी तीन दिवसांत तयार! भाषेचा प्रश्नच मिटला. मला वाटलं, असली गोष्ट अमरावतीतही कोणाला सुचली नसेल. मी पोरांना बजावून ठेवलं, साहेब समोर असो की वाघ, डोळे समोर, कान शिट्टीकडे, आणि शिट्टी ऐकली की विचार करायचा नाही. हेडमास्तर एका सकाळी येऊन बघून गेले आणि म्हणाले, मास्टरजी, कमाल है. मी त्या दिवशी ताईकडे शीळ घालत गेलो.

एकच गोष्ट राहिली. सराव आम्ही रोज सकाळी करायचो. कार्यक्रम दुपारचा होता. मैदानाच्या कुंपणापलीकडून प्लांटची एक रेल्वे साइडिंग जात होती. सकाळी ती रिकामी असे. दुपारी तिथे नंदिनीच्या खाणीतून चुनखडीचे डबे यायचे आणि इंजिन त्यांना पुढेमागे करायचं. आयुष्य रेल्वेलाइनीला लागून घालवलेल्या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट आली नाही. रुळांचा आवाज आम्हाला ऐकूच येत नाही, इतका सवयीचा.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा खास आले. धोतर पांढरंशुभ्र, डोक्यावर टोपी, पालकांच्या पहिल्या रांगेत बसले. तांब्या खुर्चीखाली. बाजूला ताई, नात आणि पाळी बदलून आलेले भाऊजी. मंचावर साहेब, हेडमास्तर आणि झेंडूच्या माळा. मंचासमोर माझी परेड, आणि परेडच्या पाठीशी पालक. पोरं अशी काही ताठ उभी होती की मलाच भरून आलं. साहेबांनी सलामी घेतली, माइकपुढे आले आणि बोलायला लागले.

एवढ्यात कुंपणापलीकडे इंजिनाने तीन आखूड शिट्ट्या दिल्या.

सगळी परेड एक पाऊल मागे गेली. इतकी एकसाथ, की सरावातही गेली नव्हती. साहेब थांबले, हसले, पुन्हा बोलू लागले. डबे बहुतेक नीट लागले नसावेत, कारण इंजिनाने पुन्हा तीन दिल्या. पोरं आणखी एक पाऊल मागे. मी बाजूने हातवारे करायला लागलो तर पोरांचे डोळे समोर. मीच बजावलं होतं ना, साहेब असो की वाघ. मग इंजिनाने सपाटाच लावला. तीन, पुन्हा तीन. मागची रांग पालकांच्या पहिल्या रांगेत घुसली, खुर्च्या कलंडल्या, कोणाची तरी टाच बाबांच्या तांब्याला लागली आणि तो गडगडत गेला. बाबांनी नुकतंच पाणी पिऊन फिरकी सैल ठेवली होती. सगळं पाणी मातीत.

मी घाबरून एक आखूड फुंकली. त्याच क्षणी इंजिनाला वाट मोकळी झाली आणि त्याने एक लांब दिली, चांगली दमदार. आता पोरांपुढे प्रश्न पडला की कोणाचं ऐकायचं, मास्तरचं की ज्याचा आवाज मोठा त्याचं. माझ्याकडे ज्यांचा कल होता ते थोडे. बाकीचे चालायला लागले. पुढे मंच होता. पहिली रांग मंचापर्यंत गेली, मंचाला पोट टेकलं, आणि तिथेच पाय आपटत राहिली. थांबायची शिट्टी मिळेपर्यंत थांबायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं.

साहेब भले होते, टाळ्या वाजवून बसले. हेडमास्तर नंतर मला बाजूला घेऊन फक्त एवढंच म्हणाले, "मास्टरजी, ये परेड थी या मालगाड़ी?" शिफारस वर्षभर पुढे गेली, हे त्यांनी वेगळं सांगायची गरज नव्हती.

कर्जाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नातवाचा हिशेब राहणार नाही. नोकरी पुढच्या वर्षी पक्की झाली. सोसायटीचं कर्ज काढून भाऊजींचं फेडलं आणि मग सोसायटीचं फेडत बसलो. ते फिटलं तोवर भाऊजी मुकादम झाले होते आणि त्यांचा पगार माझ्या दुप्पट झाला होता. पुढेही मी त्यांना कधी गाठलं नाही. प्लांटात जायचा विचार मात्र त्याच दुपारी संपला. घरी जाताना मी भाऊजींना म्हटलं की उद्या फोरमनशी बोला, येतो मी वर. भाऊजी चालता चालता थांबले. म्हणाले, "नाही बाप्पा. आमच्या इथंबी क्रेन शिट्टीवर चालते. तुले घेतलं तं आमचं काही खरं नाही." अशा रीतीने खलाशाच्या नोकरीतूनही मला लागण्याआधीच काढलं. पीटी सर राहिलो तो हौसेने राहिलो असं मी भाषणात सांगतो. खरं ते हे.

तर त्या दुपारी आम्ही ताईच्या क्वार्टरकडे निघालो. ऊन रणरणत होतं. बाबा रिकामा तांब्या हातात धरून पुढे चालत होते. मान खाली. मला वाटलं, म्हाताऱ्याची मान मी खाली घालवली. त्यांनी जावयाचे पैसे घेतले, मुलीच्या घरचं पाणी सोडलं, ते हे बघायला. ताई मुलीचा हात धरून मागून येत होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला न विचारता कळत होतं. पक्की नोकरी गेली म्हणजे पाचशे गेले, आणि पाचशे गेले म्हणजे आणखी कितीतरी रविवार तोच तांब्या.

घरात आल्यावर बाबा नेहमीच्या खुर्चीवर बसले. तांब्या खाली ठेवला. भिंतीकडे तोंड केलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तीन आखूड मंजे मांगं, हे तुले कोनं शिकवलं?"

"तुमीच," मी म्हटलं. "यार्डात."

बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. मी उठून जवळ गेलो तर म्हातारा हसत होता. ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतून पाणी काढत हसत होता. मैदानापासून इथवर मान खाली घालून आले ते हसू दाबायला. म्हणाले, माह्या गँगनं बी असं कधी ऐकलं नाही रे माह्यं, आनि ते पहिली लाइन, मंचाले लागून... आणि पुढे बोलताच येईना. ती मंचाला टेकलेली रांग त्यांना पुन्हा दिसली असणार. भाऊजी फुटले, ताई पदर तोंडाला लावून फुटली, मी पण हसलो, दुसरं काय करणार. नातीला काही कळलं नव्हतं, ती सगळ्यात मोठ्याने हसत होती.

हसता हसता बाबांना ठसका लागला. साधा नाही, जोराचा. चेहरा लाल, श्वास अडकला, हात खाली तांब्याकडे गेला. तांब्या रिकामा. ताई धावली, माठातून गिलास भरला आणि त्यांच्या ओठाला लावला. बाबांनी दोन्ही हातांनी तो धरला आणि गटागटा पिऊन टाकला.

ठसका थांबला. बाबांनी हातातल्या गिलासाकडे पाहिलं. तो ताईच्या लग्नातला, तिचं नाव कोरलेला, त्यांनीच दिलेला. मग ताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा हात अजून तसाच पुढे होता, गिलास परत घ्यायला.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तोंड पुसलं आणि गिलास तिच्यापुढे धरला.

"आता पेलोच आहो," ते म्हणाले, "तं आनखी एक दे."